जन्मसिद्ध नागरिकत्व : दवाखान्यातल्या त्या एका फॉर्मचं काय होणार?

जाई_एडिसनकर | ८ डिसेंबर २०२५

मंडळी, हा धागा काढायचा नव्हता, पण शुक्रवारी इथल्या सुप्रीम कोर्टाने जन्मसिद्ध नागरिकत्वाचं प्रकरण हातात घेतल्यापासून सासर-माहेरच्या दोन्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी म्हणजे चालतंबोलतं घटनापीठ झालेय. म्हटलं एकदाच लिहून टाकावं. चुकलं तर इथले जाणकार कान धरतीलच.

नवरा एच-१बीवर (नोकरीचा तात्पुरता व्हिसा), मी एच-४ वर (त्याच्या जोडीदाराचा व्हिसा), ग्रीन कार्डच्या रांगेत बारावं वर्ष. मुक्काम न्यू जर्सी. सहावा संपत आलाय, तारीख मार्चच्या मध्यावरची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेच्या घटनेतल्या चौदाव्या दुरुस्तीमुळे इथे जन्मलेलं जवळपास प्रत्येक बाळ आपोआप नागरिक मानलं जातं. २० जानेवारी २०२५ ला, शपथविधीच्याच दिवशी, ट्रम्पनी एका आदेशावर सही केली. बाळ अमेरिकेत जन्मलं, पण आई बेकायदा राहतेय, किंवा कायदेशीर असली तरी तात्पुरत्या व्हिसावर आहे, आणि बाप नागरिकही नाही, ग्रीन कार्डवालाही नाही, तर ते बाळ अमेरिकन नागरिक नाही. आदेश लागू होणार होता तीस दिवसांनंतरच्या जन्मांना, म्हणजे १९ फेब्रुवारीपासून. लोकांना वाटतं हे फक्त सीमा ओलांडून आलेल्यांसाठी आहे. नाही हो. 'कायदेशीर पण तात्पुरते' यात विद्यार्थी आले, टुरिस्ट आले, आणि आमच्यासारखे बारा वर्षं टॅक्स भरून 'तात्पुरते' राहिलेलेही आले.

तिसऱ्याच दिवशी सिएटलमधले न्यायाधीश जॉन कॉफनावर यांनी स्टे दिला. रेगन यांनी नेमलेले गृहस्थ, म्हणजे डावे बिवे अजिबात नाहीत. आदेश ढळढळीत घटनाबाह्य आहे म्हणाले. मग मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, सगळीकडे स्टे. आदेश आजपर्यंत एका दिवसासाठीही लागू झालेला नाही. आणि आता ५ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने 'ट्रम्प विरुद्ध बार्बरा' हे प्रकरण सुनावणीला घेतलंय. निकाल उन्हाळ्याच्या तोंडावर लागेल असं सगळे म्हणताहेत. म्हणजे माझं बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर.

पण मला बोलायचंय ते त्या फॉर्मबद्दल. गेल्या आठवड्यात दवाखान्याची टूर झाली. बाळंतिणीची खोली, पाळणा, नवऱ्यासाठी घडीचा सोफा, सगळं दाखवलं आणि शेवटी नर्सने एक फोल्डर हातात दिलं. त्यात जन्मनोंदणीचा फॉर्म. बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी एक कारकून बाई खोलीत येतात आणि हा भरून घेतात. आईचं नाव, बापाचं नाव, तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती. खाली एक चौकोन: बाळासाठी सोशल सिक्युरिटी नंबर हवा का? टिक केलं की नंबर घरी पोस्टाने येतो. व्हिसा कुठला, हे अख्ख्या फॉर्ममध्ये कुठेच विचारलेलं नाही. मी दोनदा उलटसुलट बघितलं.

या देशात नागरिक असण्याचा पुरावा म्हणजे हाच कागद. अमुक गावी, अमुक तारखेला जन्म. संपलं. आदेश टिकला तर हा कागद पुरणार नाही, आणि तो फक्त मलाच पुरणार नाही असं नाही. शेजारच्या खोलीतल्या, सात पिढ्या इथे काढलेल्या बाईलाही आधी दाखवावं लागेल की ती कोण आहे. याबद्दल कोणी फारसं बोलत का नाही?

---

ओहायोचा_बाप्या

वाचतोय. दीड वर्षापूर्वी तो चौकोन मीच टिक केला होता, झोपेत. सही कुठे केली तेही आठवत नाही.

---

रा_रा_मिरजकर

जाईताई, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मला माझी जात पडताळणी आठवली. इथे ज्यांनी व्हॅलिडिटी काढलीय त्यांना सांगायला नको. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा द्या, विमुक्त-भटके असाल तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, एससी असाल तर १० ऑगस्ट १९५०. माझ्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला ज्या शाळेत होता तिचं रजिस्टर पुरात भिजलेलं. शेवटी चुलत आजोबांचा गाव नमुना चौदा मिळाला, तोही मोडीत. तो वाचायला माणूस शोधला, त्याचं प्रमाणपत्र, मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, मग दक्षता पथक घरी.

तिथे निदान आरक्षणाच्या लाभासाठी पुरावा मागतात, त्यामागे कारण आहे. पण आपण या देशाचे आहोत की नाही हेच आई-बापाच्या कागदावर ठरायला लागलं, तर एका पिढीत काही वाटणार नाही. तिसऱ्या पिढीत नातू आजीचा व्हिसा शोधत बसेल. आजी २०२६ मध्ये नक्की कुठल्या स्टेटसवर होती? आय-९४, म्हणजे देशात शिरल्याची नोंद, कुठेय? मिरजेच्या माणसाला विचारा, कागद पुरात जातात.

---

जाई_एडिसनकर

@मिरजकर, अगदी हेच. मला शब्द सापडत नव्हते.

---

स्पष्टवक्ता

भावनिक लिखाण छान आहे. आता जरा वस्तुस्थिती.

भारताने स्वतः काय केलंय? १ जुलै १९८७ पर्यंत भारतात जन्मला तो भारतीय. नंतर आई-बापापैकी एक तरी भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ नंतर तर एक भारतीय आणि दुसरा बेकायदा घुसखोर नको. ब्रिटनने १९८३ पासून बंद केलं, ऑस्ट्रेलियाने १९८६ पासून, आयर्लंडने २००४ मध्ये सार्वमत घेऊन. युरोपात आज असं सरसकट कुणी देत नाही. मग अमेरिकेनेच काय घोडं मारलंय? टुरिस्ट व्हिसावर सातव्या महिन्यात येऊन बाळंत होऊन परत जाणारे लोक आहेत, त्यासाठी पॅकेज विकणारे आहेत. हे चौदाव्या दुरुस्तीच्या कर्त्यांना अपेक्षित होतं का?

आणि घटनेत नुसतं 'इथे जन्मलेले' लिहिलेलं नाही. पुढे आहे 'आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेले'. या पाच-सहा शब्दांना काहीतरी अर्थ असणारच ना? सरकारचं म्हणणं एवढंच आहे की अधीन म्हणजे निष्ठा आणि कायम वास्तव्य. एच-१बी हा तात्पुरता व्हिसा आहे, हे सही करतानाच माहीत होतं.

---

कायदेपंडित_नाही

वकील नाही, पण पंचवीस वर्षं वकिलांच्या ऑफिसात कागद लावतोय. स्पष्टवक्ता यांचा मुद्दा गंभीर आहे, तो उडवून लावू नये. उत्तर जरा लांब होईल.

आधी हे वाक्य आलं कुठून. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॉनी यांनी लिहिलं की आफ्रिकन वंशाचा माणूस, गुलाम असो वा स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. मग यादवी युद्ध झालं, सहा लाखांवर माणसं मेली, आणि १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली. नागरिक कोण हे पुन्हा कुठल्या कोर्टाच्या किंवा राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर राहू नये म्हणून ते घटनेत कोरलं. ही पार्श्वभूमी सोडून त्या वाक्याकडे बघता येत नाही.

'अधिकारक्षेत्राच्या अधीन' या शब्दांना अर्थ आहेच. परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांची मुलं त्यातून बाहेर, कारण त्यांच्यावर इथला कायदा चालत नाही. आक्रमण करून आलेल्या सैन्याची मुलं बाहेर. आणि त्या काळी आपापल्या जमातीच्या सत्तेखाली राहणारे मूळ रहिवासी बाहेर. १८८४ चा एल्क विरुद्ध विल्किन्स निकाल त्यावरच आहे, आणि त्यांना सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ चा कायदा यावा लागला. तुम्ही एच-१बीवर असताना लाल सिग्नल तोडलात तर पोलीस पकडतो की नाही? मग तुम्ही अधीन आहात. साधा हिशोब आहे.

१८६६ मध्ये सेनेटमध्ये हीच चर्चा झाली होती. पेनसिल्व्हेनियाचे कावन यांनी विचारलं, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या चिन्यांची आणि जिप्सींची मुलंसुद्धा नागरिक होणार का? कॅलिफोर्नियाचे कॉनेस, स्वतः आयर्लंडात जन्मलेले, उठून म्हणाले की हो, होणार. म्हणजे कर्त्यांना अपेक्षित नव्हतं असं म्हणता येत नाही. प्रश्न विचारला गेला होता, उत्तर दिलं गेलं होतं, आणि मग मतदान झालं.

आता वाँग किम आर्क. जन्म १८७३, सॅन फ्रान्सिस्को, आई-बाप चिनी. व्यवसायाने स्वयंपाकी. १८९४ मध्ये चीनला गेला. जाताना शहाणपणाने गोऱ्या साक्षीदारांच्या सह्यांचं ओळखपत्र करून घेतलं होतं. तरी १८९५ मध्ये परतल्यावर बंदरात अडवलं, तू नागरिक नाहीस म्हणून. काही महिने त्याला बंदरातल्या जहाजांवर ठेवलं. आपलं जहाज निघालं की दुसऱ्यावर, ते निघालं की तिसऱ्यावर. स्वतःचं गाव डोळ्यांसमोर, पाय ठेवायची बंदी. २८ मार्च १८९८ ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध दोन असा निकाल दिला: तो जन्माने नागरिक आहे.

सरकारचा आजचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. त्या निकालात त्याच्या आई-बापाचं इथे 'कायम वास्तव्य' होतं असं वारंवार म्हटलंय. ते खरंच आहे. पण न्यायमूर्ती ग्रे यांनी निकालाचा पाया घातलाय तो इंग्लंडच्या जुन्या नियमावर: राजाच्या भूमीत जन्मला तो राजाचा, बाप कुठलाही असो. त्यात बापाचं घरदार कुणी विचारत नव्हतं.

आणि आयर्लंडने सार्वमत घेतलं, भारताने संसदेत कायदा बदलला, हे तुम्हीच लिहिलंत. अमेरिकेतही मार्ग आहे: दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश, मग पन्नासपैकी अडतीस राज्यांची मंजुरी. धोरण बदलू नये असं मी म्हणतच नाही. एका सहीने बदलू नये, एवढंच. शिवाय काँग्रेसने १९५२ च्या कायद्यात घटनेतलेच शब्द जसेच्या तसे घातलेत. म्हणजे आदेश घटनेवरच नाही, कायद्यावरही आपटतो.

---

स्पष्टवक्ता

सहीने बदलू नये हे मान्य. मी धोरणाबद्दल बोलत होतो. पण कायम वास्तव्याचा मुद्दा तुम्ही जरा झटकलात. वाँगचे आई-बाप दुकान टाकून राहिले होते. टुरिस्टाचं काय?

---

कायदेपंडित_नाही

टुरिस्टाची बाजू कमकुवत आहे हे कबूल. पण गंमत बघा, त्या काळच्या चिन्यांना अमेरिकन नागरिक व्हायची कायद्याने बंदी होती. राहा, राबा, कर भरा, पण आमच्यातले होऊ नका. एच-१बीवाल्या भारतीयांची रांग आठवा: दरवर्षी नोकरीवर आधारित १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात एका देशाला जास्तीत जास्त साधारण सात टक्के. आइसलँडलाही सात टक्के, भारतालाही सात टक्के. आणि एच-१बीवर असताना कायम राहायचा इरादा ठेवायला कायद्याची पूर्ण मुभा आहे, विद्यार्थी व्हिसावर नाही. म्हणजे सरकारच्याच व्याख्येने मोजायचं ठरवलं तरी जाईताईंचं वास्तव्य 'तात्पुरतं' कसं, हे सरकारला समजवावं लागेल.

---

आजी_कोथरूड

तुमचं सगळं वाचलं, निम्मं कळलं. माझा नातू २०१९ चा, डेट्रॉइटजवळ जन्मलेला. मुलगा तेव्हा एच-१ वरच होता. त्याचा पासपोर्ट काढून घेणार का हो? सून म्हणते काळजी करू नका, पण ती नेहमीच तसं म्हणते.

---

जाई_एडिसनकर

आजी, नाही. आदेशात स्पष्ट लिहिलंय की तो पुढच्या जन्मांनाच लागू. या वेळी सूनबाईंचं बरोबर आहे.

---

आजी_कोथरूड

बरं. तिला सांगू नका मी विचारलं म्हणून.

---

प्लेनोची_प्राजक्ता

जाई, तू न्यू जर्सीत आहेस, तुझ्या राज्याने स्वतः खटला भरलाय. आम्ही टेक्सासात. या उन्हाळ्यात इकडे काय झालं ते सांगते.

२७ जूनला सुप्रीम कोर्टाचा 'कासा' निकाल आला. सहा विरुद्ध तीन, लिहिला न्यायमूर्ती बॅरेट यांनी. आदेश घटनेला धरून आहे की नाही याला हातच लावला नाही. म्हणाले काय, की एका जिल्हा न्यायाधीशाने अख्ख्या देशाला पुरेल असा स्टे द्यायचा नाही, जो कोर्टात आलाय त्याच्यापुरता द्यायचा. बावीस राज्यं कोर्टात गेली होती. टेक्सास नव्हतं. तीस दिवसांची मुदत दिली, म्हणजे जुलैअखेर.

माझ्या मैत्रिणीची तारीख ऑगस्टची. त्या शुक्रवारी संध्याकाळी तिच्या घरी आम्ही सहाजणी बसलो होतो, टेबलावर नकाशा. खरा कागदी नकाशा, तिच्या मुलाच्या शाळेचा. कुठलं राज्य खटल्यात आहे ते हायलायटरने रंगवत होतो. बाळंतपण माहेरी करतात, तिचं ठरत होतं इलिनॉयला नणंदेकडे! आठव्या महिन्यात विमान नको म्हणून गाडीने जायचं, वाटेत दोन मुक्काम, इन्शुरन्स तिकडे चालेल का, नवीन डॉक्टर घेतील का. नणंदेचं आणि हिचं चार वर्षं धड बोलणं नव्हतं, तेही त्या रात्री सुरू झालं.

मग १० जुलैला न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश लाप्लांट यांनी देशभरातल्या अशा सगळ्या बाळांचा एक गट मानून, क्लास अ‍ॅक्शन म्हणून, स्टे दिला. 'कासा' निकालाने तो दरवाजा उघडाच ठेवला होता. तेच हे 'बार्बरा' प्रकरण. मैत्रीण डॅलसमध्येच बाळंत झाली. नकाशा अजून फ्रीजवर आहे.

एकाच देशात, एकाच दिवशी जन्मलेली दोन बाळं. एक शिकागोत म्हणून नागरिक, एक डॅलसमध्ये म्हणून नाही. हे दोन-अडीच आठवडे खरंच शक्य वाटत होतं. मला त्या निकालाचा राग आहे तो यासाठी.

---

कायदेपंडित_नाही

राग समजतो. पण देशव्यापी स्टेबद्दलची तक्रार दोन्ही बाजूंची जुनी आहे. बायडेन असताना टेक्सासातले न्यायाधीश द्यायचे, तेव्हा आपण काय म्हणत होतो ते आठवा. (मी तरी म्हणत होतो.)

---

शिंपल्यातला_इतिहास

थोडं अवांतर, पण राहवत नाही. १९ फेब्रुवारी ही तारीख वाचून आपल्या लोकांना शिवजयंती आठवते. अमेरिकेत तिचा वेगळाच इतिहास आहे. १९ फेब्रुवारी १९४२ ला रूझवेल्टनी सही केली आणि जपानी वंशाचे लाखभर लोक छावण्यांत गेले, त्यातले बहुतेक इथेच जन्मलेले नागरिक. आणि १९ फेब्रुवारी १९२३ ला सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद या भारतीयाचं नागरिकत्व नाकारलं. तेव्हा अर्ज करून नागरिक होता यायचं ते मुख्यतः 'गोऱ्यांना'. तीनच महिने आधी ओझावा या जपानी माणसाला सांगितलं होतं की 'गोरा' म्हणजे कॉकेशियन, तू तो नाहीस. थिंद म्हणाले, मानववंशशास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे. त्यावर उत्तर आलं, शास्त्र ठेवा बाजूला, रस्त्यावरचा सामान्य माणूस तुम्हाला गोरा म्हणत नाही. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच, सदरलँड.

थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून आपण लगेच आपले म्हणून मोकळे होतो, जन्म मात्र अहमदाबादचा. थिंद हरल्यावर सरकार आधी नागरिक झालेल्या भारतीयांच्या मागे लागलं, त्यात खुद्द पंडितही. गडी स्वतःची केस लढला: या नागरिकत्वाच्या भरवशावर मी वकिली केली, घर घेतलं, आता मागे कसं घेता? जिंकला. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला. सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. वैष्णोदास बगाई यांचं नागरिकत्व गेलं, त्यांनी १९२८ मध्ये जीव दिला.

आता या धाग्याशी संबंध. नागरिकत्व गेलं ते अर्ज करून मिळवलेल्यांचं. इथे जन्मलेल्या त्यांच्या पोरांना कुणी हात लावू शकलं नाही, वाँग किम आर्कमुळे. कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल व्हॅलीतल्या पंजाबी शेतकऱ्यांना परकीय म्हणून जमीन घेता येत नव्हती. मग काहींनी ती मुलांच्या नावावर घेतली. बाप परका, पाळण्यातलं पोर जमीनदार.

आणि वाँग? निकाल खिशात असूनही १९०१ मध्ये एल पासोला त्याला पुन्हा अटक झाली, बेकायदा चिनी म्हणून.

---

ओहायोचा_बाप्या

पाळण्यातलं पोर जमीनदार! हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली आपल्या पोराच्या नावावर आधी मॉर्टगेज टाका.

---

नुकतीच_आलेली

एक भाबडा प्रश्न. समजा आदेश टिकला, तर बाळ कुठलंच नाही असं होईल का?

---

कायदेपंडित_नाही

भारतीय आई-बापांचं नाही होणार. परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील भारतीय असतील, तर वर्षाच्या आत वकिलातीत जन्म नोंदवायचा, त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं, की ते भारतीय. मग त्याला आई-बापाबरोबर डिपेंडंट स्टेटस, आणि एकविसाव्या वर्षी ते संपलं की पुढचं पुढे. पण सगळ्याच देशांचे कायदे असे नाहीत, आणि निर्वासितांच्या मागे तर देशच नसतो. त्यांच्या बाळांचं खरंच अवघड होईल.

---

स्पष्टवक्ता

जाईताई, मतभेद आहेत ते आहेत. बाळंतपण सुखरूप होऊ दे. वर्षाच्या आतली ती तारीख मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा.

---

जाई_एडिसनकर | १० डिसेंबर २०२५

लिहिली. मार्चमध्ये जन्मदाखल्यावर अमेरिकन पासपोर्टचा अर्ज टाकायचा, आणि निकाल उलटा लागला तर काय करायचं याचा एक वेगळा कागद त्याच फोल्डरमध्ये. नवऱ्याने त्यावर 'प्लॅन बी' लिहिलं, मी खोडून 'कोथरूड' लिहिलं. आजी, रागावू नका.

आज पुन्हा तो फॉर्म काढून बसले होते. आईचा फोन आला, फेब्रुवारीत येतेय, डिंकाचे लाडू विमानात चालतात का विचारत होती. फॉर्ममध्ये बाळाच्या नावाचा रकाना सगळ्यात वर आहे. तो अजून रिकामा आहे आणि त्यावरून घरात जे चाललंय त्याला सुप्रीम कोर्टही पुरायचं नाही. त्याचा वेगळा धागा काढते.